वजन नगण्य धरा

पहिल्या उदाहरणाच्या पहिल्याच ओळीशी तिची पेन्सिल थांबली. ‘दांड्याचे वजन नगण्य धरून भिंतीवरील बले काढा.’ उद्या स्टॅटिक्सचा पेपर होता. असली चाळीसेक उदाहरणं तिने दोन महिन्यांत फडशा पाडावा तशी सोडवली होती, आणि ही ओळ दर वेळी नुसती डोळ्यांखालून घातली होती. आज मात्र तिने वही भराभर मागे उलटली. चष्मेवाल्याच्या दुकानावरच्या छताचं पान सापडलं.

भिंत नीट काढलेली होती. भिंतीतून चार फूट पुढे आलेलं छत होतं. टोकाला टांगलेली दुकानाची पाटी होती आणि पाटीच्या वजनाचा खाली जाणारा बाण होता. बारा किलो. बस्स. छताच्या स्वतःच्या वजनाला बाणच नव्हता. पंचावन्न किलोचं लोखंड, आणि तिने, या बाईसाहेबांनी, ते कापसाचं धरलं होतं!

सरांनी पहिल्याच तासाला बजावलं होतं, वस्तू सुटी काढा, तिच्यावरचा एकूण एक जोर बाणाने दाखवा, एक बाण विसरलात तर पुढचं गणित कितीही बरोबर करा, उत्तर चूकच. हे तिने लाल शाईने लिहून घेतलं होतं. लिहून घ्यायला काय जातंय? अर्ध्या हळकुंडाने पिवळं झालेल्या माणसाला सगळं लिहून घेता येतं.

तिचं टेबल वडिलांच्या वर्कशॉपातच होतं, पत्र्याच्या आडोशामागे. आडोशापलीकडे चष्मेवाला तावातावाने बोलत होता. त्याचा डावा हात गळ्यात बांधलेला. चार दिवसांपूर्वी सकाळी तो शटर उघडायला वाकला आणि ते नवंकोरं छत भिंतीतले बोल्ट उपसून त्याच्यावर आलं. डोकं वाचलं, गळ्याजवळचं हाड मोडलं.

“मिस्त्री, जीव गेला असता माझा!”

“खरं आहे,” वडील म्हणाले.

“शाळेच्या जिन्याचं काम तुम्हालाच द्या म्हणून मी शब्द टाकला होता. म्हटलं, या माणसाचं काम म्हणजे डोळे मिटून घ्यावं. काल हा असला हात घेऊन गेलो आणि सांगून आलो, नका देऊ.”

वडिलांनी शिकंज्यातली चौकट सोडवून बाजूला ठेवली.

“आणि मला एक सांगा. वरून दोन तिरक्या सळ्या टाकणार होतात ना तुम्ही? मग टाकल्या का नाहीत?”

का नाहीत ते तिला चांगलंच ठाऊक होतं. सळ्या बऱ्या दिसत नाहीत म्हणून चष्मेवाल्याने आधी नाक मुरडलं होतं खरं, पण त्याच्या नाक मुरडण्याने वडील बधणारे नव्हते. वही घेऊन मध्ये नाचत आली होती ती स्वतःच. “बाबा, सळ्या लागतच नाहीत! हे बघा, पुस्तकाच्या पद्धतीने काढलंय.” वडिलांनी हात पुसून वही घेतली, पान बराच वेळ बघितलं आणि कापून ठेवलेल्या सळ्या परत कोपऱ्यात उभ्या केल्या.

ती उठली. खुर्ची करकरली तशी दोघांनी वळून बघितलं.

“काका, ते गणित...”

“तू अभ्यास कर,” वडील म्हणाले. “उद्या पेपर आहे तुझा.” मग चष्मेवाल्याकडे वळून म्हणाले, “चूक माझी झाली. आळस केला मी.”

आळस! कुणाला कधी दिसणार नाही असा सांधा परत परत घासत बसणारा हा माणूस, आणि म्हणे आळस. चार शब्दांचं तर काम होतं. तिचं तोंड कुणी धरलं नव्हतं. पण ती खाली बसली, मूग गिळून बसली, आणि पुस्तक पुढे ओढलं. बाबांनी गप्प केलं ते बरंच झालं, असं आतून कुठेतरी तिला वाटून गेलं. त्याची तिला इतकी लाज वाटली की कानशिलं तापली.

चष्मेवाला गेला. वडिलांनी अर्धवट राहिलेली खिडकीची चौकट पुन्हा शिकंज्यात आवळली आणि कानस चालवायला सुरुवात केली. ती वही घेऊन त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“बाबा, मी छताचं वजनच धरलं नव्हतं. उदाहरणांत कायम नगण्य धरा म्हणतात, तीच सवय लागली मला.” तिला रडू आवरेना. “माझ्यामुळे झालं हे सगळं.”

“माहीत आहे.”

“कधीपासून?”

“तू पान दाखवलंस तेव्हापासून. पाटीचा बाण होता, छताचा नव्हता.”

तिने पायांत चपला सरकवल्या. “मी जाऊन सांगते त्यांना.”

“काही नको.”

“नको काय बाबा? नाव तुमचं गेलं! आणि दिसत होतं तर तेव्हाच का नाही बोललात?”

वडिलांची कानस थांबली. त्यांनी लोखंडाचा कीस हाताने झटकला.

“दुसऱ्या दिवशी हातगाडीवरून दारापर्यंत ते छत मी याच खांद्यावर नेलं,” ते म्हणाले. “पावलागणिक खांदा सांगत होता, सळ्या टाक म्हणून. पण मी पडलो सातवी शिकलेला. मला वाटलं, कॉलेजात तेवढं वजन धरत नसतील.”