काठोकाठ भरलेला कप

"आता बघा हं, गुलाबराव!"

भालचंद्रांनी चहाचा कप काठोकाठ भरला आणि स्वयंपाकघरातून थेट बाल्कनीपर्यंत चालत नेला. बशीत थेंब नाही!

"वा!" गुलाबराव म्हणाले. त्यांचा स्वतःचा हात मांडीवर थरथरत होता. त्यांनाही कंपवातच, वर्षभरापासून.

गाझियाबादच्या या नव्या सोसायटीत भालचंद्रांचं नाव झालं होतं, आणि का होऊ नये? जन्मभर कारखान्यात माल तपासून पास-नापास करणारा माणूस. आजार मागे लागला तशी त्यांनी उपचारांचीच तपासणी लावली. एका वेळी एकच उपचार, बाकी सगळं बंद. डॉक्टरांच्या गोळ्यासुद्धा. आणि परीक्षा ही अशी, कपाची.

चुंबकाचा पट्टा नापास. मालिशचं तेल नापास. तेव्हा तर बाथरूममध्ये पडून कपाळाला टाके पडले, तरी पठ्ठ्यानं गोळीला हात लावला नाही. शेवटी त्यांची बायको सरलाताई एकट्याच बसनं पानिपतला गेल्या आणि तिथल्या वैद्यांचं चूर्ण घेऊन आल्या. दिवसातून तीनदा त्या ते ताजं कुटायच्या, मधात कालवून द्यायच्या. खलबत्त्याला दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नसत. बघता बघता कप हातात ठरायला लागला.

"पानिपत पास, बिल्कुल पास!" भालचंद्र छाती फुगवून म्हणाले. "गोळ्या फेका यार, गुलाबराव."

"आजपासूनच बंद." गुलाबराव बायकोकडे वळले. "हेमलता, वहिनींकडून वैद्यांचा पत्ता घे."

हेमलताबाईंचा चेहरा उतरला. मागे दोन दिवस गोळ्या चुकल्या, तर नवऱ्याला त्यांनी स्वतःच्या हातानं घास भरवला होता.

"घाबरताय काय? माझ्याकडे बघा की!" भालचंद्र म्हणाले. त्या उठून आत सरलाताईंकडे गेल्या.

भालचंद्रांना राहवेना. हेमलताबाईंनाही एकदा जवळून दाखवावं म्हणून तोच भरलेला कप घेऊन ते ऐटीत परत आत निघाले. याही खेपेला थेंब नाही. कसला आनंद झाला त्यांना! स्वयंपाकघराच्या दाराशी पोचतात तोच आतून सरलाताईंचा दबका आवाज आला.

"रडू नका हो. चूर्ण कुठलंही आणा, गल्लीतल्या दुकानातलं चालतं. डॉक्टरांच्या गोळ्या तेवढ्या त्यात बारीक कुटायच्या आणि मध जरा जास्त घालायचा. आमच्या ह्यांना कुठं अजून कळलंय!"