दहा शब्दांतला एक

"बसा आई. आणि मधे बोलायची नाही!" सुनेनं बजावलं आणि वही दोन्ही हातांत धरून ती खिडकीपाशी उभी राहिली.

सासूबाई निमूट बसल्या. वाचनालयातल्या भाषावर्गाची हिवाळी कथास्पर्धा आज संध्याकाळी होती. वर्गाच्या बाईंनी थंडीचे म्हणून दहा शब्द दिले होते. नवशिक्यांनी ते सगळे गोष्टीत आणायचे आणि गोष्ट सभागृहात वाचून दाखवायची. घरच्यांनी आधी ऐकलेलं चालेल, दुरुस्त केलेलं नाही. तशी त्यांनी सहीच द्यायची. आता सासूबाईंची तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेली. चूक दिसली की हात शिवशिवायचा.

या घरात आली तेव्हा सुनेला 'पाणी' आणि 'नको' एवढंच येत होतं. आज ती घडाघडा वाचत होती. धुकं आलं, काकडणं आलं, पांघरूण आलं. एक चूक नाही! सासूबाईंना आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

"सकाळी मी अभ्यास करते," सून वाचत होती. "सासूबाई मागून येतात. आपली शाल माझ्या खांद्यावर टाकतात आणि काही बोलत नाहीत. माझं माहेर फार दूर आहे. पण इथे मला सासूबाईंचा खूप उबग येतो."

कालच नळ नीट बंद करत नाहीस म्हणून सासूबाई तीनदा बोलल्या होत्या. खरंच विटली की काय पोर?

"उबग म्हणजे काय गं?" त्यांनी जमेल तितक्या सहज विचारलं.

"अहो आई, यादीत ऊब आहे. पण ऊब म्हणजे थोडी. उबग म्हणजे..." सुनेला शब्द सापडेना. तिनं वही सासूबाईंच्या मांडीवर ठेवली, त्यांचे दोन्ही हात उचलले, आपल्या गार गालांवर दाबून धरले आणि डोळे मिटले. "उबग म्हणजे पुष्कळ."

सासूबाईंना हसूही आवरेना आणि रडूही. एवढा एक शब्द बदलला की पैकीच्या पैकी गुण. नाही बदलला, तर भरल्या सभागृहात सून खणखणीत सांगणार, मला सासूचा उबग येतो! आणि समोरची शेजारीण तर पहिल्या रांगेत जागा धरून बसणार.

त्यांनी पेन उचललं. क्षणभर ते त्या ओळीवर थांबलं. मग सरकत खाली आलं, आणि 'मी काहीही दुरुस्त केलेलं नाही' या वाक्याखाली त्यांनी वळणदार सही केली.

"आई, काही चुकला का?"

"मला विचारायचं नाही. नियम आहे." त्यांनी वही मिटून तिच्या हातात दिली. "फक्त ती शालीची ओळ जरा मोठ्यानं वाच. मागच्यांनाही ऐकू जाऊ दे."