तोंडपाठ

औशाच्या शाळेत हयातभर इंग्रजी शिकवलेल्या अर्जुनरावांना आता माणसं ओळखू येत नव्हती, पण आपल्या जुन्या डिक्शनरीतले अर्थ तेवढे तोंडपाठ होते. म्हणून माहेरी आलेली त्यांची लेक सिंधु रोज संध्याकाळी ती फाटकी डिक्शनरी घेऊन, लहानपणी बसायची तशीच त्यांच्या बाजेच्या पायथ्याशी बसायची. तेवढा वेळ तरी ते बोलायचे.

"अंब्रेला?"

"उन्हापावसापासून रक्षण करणारे साधन."

"लँटर्न?"

"काचेच्या आवरणातील दिवा. इतके सोपे नका विचारू, बाई."

रोज ती इथंच थांबायची. आज मात्र तिला राहवलं नाही. तिनं पानं मागं उलटली.

"डॉटर?"

"कन्या. आत्मजा. आपल्यापासून जन्मलेली," ते एका दमात म्हणाले.

"तुम्हाला हाय का, नाना?"

त्यांचा चेहरा उजळला. "हाय की. लई हुशार हाय. शाळा सुटली की येतीच."

मग जरा संकोचून म्हणाले, "तेवढं एक करा बाई, ती आली की उठा तिथून. ती तिथंच बसती."