मास्तरांचा दंड

मास्तरांच्या दंडावर चार बोटं एका बाजूला उमटली होती आणि अंगठा दुसऱ्या बाजूला. मेट्रन त्यांचा सदरा बदलत होती, ती तशीच थांबली.

"दारावर आपटलो," मास्तर म्हणाले. तिनं काही विचारायच्या आतच म्हणाले.

"कधी?"

"काल. म्हणजे परवा असेल." त्यांनी बाही खाली ओढून घेतली आणि तोंड खिडकीकडे केलं. जन्मभर पोरांच्या थापा पकडलेला माणूस. स्वतः थाप मारायची वेळ आली तर जीभ वळेना.

"मास्तर, दाराला अंगठा नसतो."

त्यांनी बाहीचं बटण लावलं. मग खिडकीकडे बघतच म्हणाले, "पोरगी गाते मात्र छान."

म्हणजे वॉर्डातली आया, गाणारी मावशी. हा वृद्धाश्रम चर्चचा, आणि तिथं काम करणारी माणसंही बहुतेक चर्चचीच. मावशी रविवारच्या गायनात पहिल्या रांगेत उभी असायची. तिच्याविषयी वावगा शब्द आजवर कोणी काढला नव्हता.

तासाभरात ती पाळकसाहेबांच्या खोलीत, मेट्रनच्या देखत, खुर्चीच्या कडेवर बसून रडत होती. तिनं काही लपवलं नाही. घरी सासू अंथरुणाला खिळलेली, नवरा परगावी, आठवडाभर डोळ्याला डोळा लागलेला नाही; त्यात मास्तरांनी तिसऱ्यांदा दूध सांडलं आणि तिचं डोकं फिरलं. दंड धरून तिनं त्यांना गदागदा हलवलं होतं.

"ते ओरडलेसुद्धा नाहीत हो," ती म्हणाली आणि तिनं ओंजळीत तोंड लपवलं.

पाळकसाहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. आमेन म्हणून डोळे उघडले तेव्हा त्यांचेही ओले होते. "चुकलीस, कबूल केलंस, देवानं क्षमा केली. आता हे आपल्या तिघांतच राहू दे. जा, तोंड धू आणि कामाला लाग."

मावशी उठली.

"वॉर्डात जायचं नाही," मेट्रन म्हणाली.

पाळकसाहेब चमकले. आवाज मात्र त्यांनी मऊच ठेवला. "मेट्रनबाई, तिचा न्याय करणारे आपण कोण? आपण काय धुतल्या तांदळासारखे आहोत?"

हा प्रश्न मेट्रनच्या चांगल्या ओळखीचा होता. तिनंच तो कितीदा वापरला होता. आयांच्या तक्रारी, स्वयंपाकघरातल्या कुरबुरी, कुणाच्या घरातली भानगड. हा प्रश्न टाकला की समोरचा गप्प व्हायचा आणि विषय मिटायचा. आज तो तिच्याच अंगावर आला होता.

"मी नाहीच आहे," ती म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली.

"नवी नर्स होते मी. वॉर्डात एक आजी होती, भरवलेला घास थुंकायची. एकदा मी तिच्या तोंडात मारली. पाची बोटं उमटली. खोलीत तिसरं कोणी नव्हतं आणि आजीला बोलता येत नव्हतं. संध्याकाळी पुन्हा मीच भरवायला गेले, तर चमचा दिसताच तिनं डोळे गच्च मिटून घेतले."

"किती वर्षं झाली असतील त्याला," पाळकसाहेब हळूच म्हणाले.

"एकतीस."

"देवापाशी बोललात ना?"

"देवापाशी रोज बोलते. माणसांपाशी आज पहिल्यांदाच." तिनं टेबलावरच्या कापडाची घडी नीट केली. "त्यानंतर मी कोणाला दोष दिला नाही. लोक म्हणतात, बाईंचं मन मोठं. मन कसलं मोठं? मी कोणाकडे बोट दाखवलं तर कोणी उलटून माझ्याकडे बघेल, एवढीच भीती."



मेट्रन मावशीकडे वळली. "तू कशी आहेस हे मला ठरवायचं नाही. तुझ्याकडे बघायला देव आहे. पण आज दुपारी मास्तरांना दूध पाजायला कोण जाईल, हे मलाच ठरवायचं आहे, आणि ती तू नाहीस. उद्यापासून धुण्याच्या खोलीत काम कर. मास्तरांच्या मुलीला मी आत्ता फोन करणार आहे, घडलं ते जसंच्या तसं सांगणार आहे. आणि तुझ्या सासूजवळ बसायला आळीपाळीनं कोणीतरी येईल. चर्चमध्ये बाया काही कमी नाहीत. पहिली पाळी माझी."

मावशीनं मान हलवली. होकारार्थी की नुसतीच, ते कळलं नाही.

"आणि पाळकसाहेब, आश्रमाच्या समितीपुढं तिचं प्रकरण जाईल तेव्हा माझंही जाईल."

"अहो, ते आता कशाला?"

"कशाला ते समिती बघेल."

मावशी दारापर्यंत गेली. कडीवर हात ठेवून तिनं मागं वळून विचारलं, "बाई, तुम्हाला तेव्हा कोण काय बोललं?"

"कोणीच नाही."

सुटलात मग, असं मावशीच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मेट्रनच्या चेहऱ्याकडे बघून तिनं ते गिळलं.  मग परत आली, ओल्या हातांनी फोन मेट्रनच्या पुढ्यात सरकवला.

"मास्तरांच्या मुलीला लावा," ती म्हणाली. "मी सांगते."