शून्य जीबी

"रिकामं होतं, म्हणून काढून टाकलं," डिस्कवाले काका म्हणाले. "रिकाम्या फोल्डरांचं काय लोणचं घालायचंय?"

इस्पितळाच्या तळघरात, काकांच्या खुर्चीमागे ताई उभी होती. इस्पितळाचे सगळे प्रोग्राम तीच लिहायची. वर तिसऱ्या मजल्यावर तिचा धाकटा भाऊ होता. घशातली गाठ काढताना डॉक्टरांना त्याचा आवाजही काढून घ्यावा लागला होता. ते होणार हे ठाऊक होतं, म्हणून आधीचा महिनाभर तो रोज इथं येऊन बोलला होता. वाचून दाखवलं, गायला, मुलीला हाका मारल्या, हसला. ते सगळं फाइलींमध्ये साठवलं होतं. त्या फाइली ऐकून एक यंत्र त्याच्या आवाजात बोलायला शिकणार होतं. वाचातज्ज्ञ ते यंत्र घेऊन वर वाट पाहत होती आणि ताई फाइली न्यायला खाली आली होती.

"रिकामं कसं असेल, काका? माझ्या भावाचा आवाज होता त्यात."

"मी काय मनाने काढलं का? या, बघा."

पडद्यावर रुग्णांच्या फोल्डरांची यादी होती आणि प्रत्येकापुढे आकार. चौदा जीबी, नऊ जीबी, बावीस जीबी. एकेका माणसाच्या पोटाचे नि मेंदूचे अवाढव्य स्कॅन. काकांनी परवाची यादी उघडली. त्यात भावाच्या फोल्डरपुढे लिहिलं होतं, शून्य जीबी.

"डिस्क भरत आली की रिकामी आधी काढायची, हा इथला नियम. मी कधी नियम सोडलाय?"

नव्हता सोडला. काका नियमाला घड्याळापेक्षा पक्के. आणि ते शून्य ताईचंच होतं. पूर्वी या यादीत नुसते बाइट दिसायचे, हातभर लांब आकडे. काकाच एकदा तिला म्हणाले होते, "बाई, माणसाला कळेल असं काहीतरी दाखवा. हे वाचून माझे डोळे बाहेर यायची वेळ आलीय." तिने जेवणाच्या सुट्टीत सी भाषेत छोटंसं फंक्शन लिहून दिलं होतं.

आता तिने तेच उघडलं. चारच ओळी, दिसायला गरीब गाय. आलेले बाइट घ्यायचे आणि एका जीबीत जेवढे बाइट असतात, म्हणजे साधारण एकशे सात कोटी, त्यांनी भागायचं. दोन्ही पूर्णांक. सी भाषेत पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की उत्तरही पूर्णांकच येतं, आणि उरलेलं ती निमूटपणे टाकून देते. जीबी पुरता भरला नाही, तर उत्तर शून्य. ताईला हे माहीत नव्हतं असं नाही. कामावर येणाऱ्या प्रत्येक नव्या पोराला ती पहिल्याच दिवशी हे बजावायची. पण इथं सगळंच मोठं, एका जीबीच्या आतलं कुणी इथं काही ठेवेल असं तिच्या मनातही आलं नाही. आवाजाला जागा फार कमी लागते.

"खरा आकडा दिसेल का कुठे?"

काकांनी काढून टाकलेल्या फाइलींची नोंद उघडली. तिथले आकडे सोपे करायला कुणी गेलं नव्हतं. ७१८४२९३१६. काका पडद्यावर बोट ठेवून एकं, दहं, शतं करायला लागले आणि मध्येच थांबले.

"बाई, हे तर एकाहत्तर कोटी..."

"तुमची चूक नाही, काका."

ती बोलली खरी, पण चूक त्यांची असती तर किती बरं झालं असतं, असंही तिला वाटून गेलं, आणि स्वतःची शिसारी आली. राखीव डिस्कवर प्रत होती, तीही गेली होती. इथलं काढलं की तिथलं आपोआप जायचं, आणि मोकळ्या झालेल्या जागेवर दोन दिवसांत नवे स्कॅन येऊन बसले होते. दोघांनी होतं नव्हतं ते सगळं करून पाहिलं. काहीही परत आलं नाही.

मग तिला वर जावंच लागलं. भाऊ भाजीबाजारात लिलाव पुकारायचा. मुलखाचा बडबड्या, त्याला गप्प कर म्हणून आई ताईलाच पिटाळायची. आता तो गळ्याला पट्टी बांधून कॉटवर बसला होता. मांडीवर ते यंत्र. भावजय उशाशी उभी होती, पायथ्याशी त्याची मुलगी.

"आत्या, आणलास बाबांचा आवाज?" मुलीने विचारलं.

ताईने सांगितलं. आडपडदा न ठेवता, भागाकारासकट सांगितलं. भावजयीने तोंडावर हात धरला आणि ती खिडकीकडे वळली. मग वाचातज्ज्ञ हळूच म्हणाली, "यंत्रात तयार आवाज आहेत. पुरुषांचे तीन. ऐकून निवडता येईल."

भावाने ऐकले नाहीत. पहिल्यावरच बोट दाबलं. मग मान खाली घालून एकेक अक्षर शोधत तो काहीतरी लिहीत राहिला. ताई कॉटचा कठडा धरून उभी होती. तो काय लिहील ते लिहो, आपण ऐकून घ्यायचं, असं तिने ठरवलं होतं.

"ताई," यंत्र म्हणालं. आवाज स्वच्छ होता, बातम्या देणाऱ्यासारखा, कुठेही न अडखळणारा. "तू सकाळपासून काही खाल्लं नाहीस ना?"

मुलगी चटकन वळून दाराकडे बघायला लागली, कोण आलं म्हणून.