डाव्यावर पाणी

"डाव्यावर सध्या पाणी सोडा. आधी उजवा," अभियंता बाई फोनवर धरणावरच्या पाटकऱ्याला म्हणाल्या आणि एकदाचं सुटल्यासारख्या खुर्चीत टेकल्या.

धरणाचे कालवे दोन, आणि डागडुजीची माणसं एकालाच पुरणारी. उजव्याच्या भरावाला तडा गेला होता, खाली वस्ती होती. डाव्यात नुसता गाळ. सरळ होतं सगळं. तरी सकाळपासून बाई हा फोन टाळत होत्या, कारण डावा कालवा त्यांच्या माहेरचा. दरवर्षी त्या त्याला मागे टाकायच्या. आधी घेतला असता तर जगाने नावं ठेवली असती. म्हणून आता माहेरचे ठेवत होते. धाकट्या भावाने तर बोलणंच टाकलं होतं.

फोन वाजला. भावजय.

"वन्सं, राहू द्या तुमची माणसं तुमच्याजवळच. तुमचे बंधुराज अख्खी गल्ली घेऊन कालव्यात उतरलेत गाळ काढायला. म्हणे, ताईची वाट बघत बसलो तर दाढ्या जमिनीला टेकतील."

बाईंना हसू आलं आणि ओठांवरच थिजलं. आपण पाटकऱ्याला काय सांगितलं? डाव्यावर पाणी सोडा. घरात त्याचा अर्थ, नाद सोडा. पण धरणावर बसलेल्या पाटकऱ्याला पाणी सोडायचं म्हणजे एकच काम माहीत. चाक फिरवायचं, दार उघडायचं.

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. कालव्याचं निघालंच असणार.

सगळ्यांना वर काढ, असं त्या भावजयीला ओरडून सांगेपर्यंत ती धावत सुटलीही होती. पण कालवा घरापासून लांब. खाली उतरलेल्यांचे सदरे काठावर, आणि फोन सदऱ्यांत. पाटकऱ्याचा फोन नुसताच वाजत राहिला.

जीप धरणाकडे निघाली. रस्ता डाव्या कालव्याला खेटून जाणारा. खाली बघवेना, आणि बघितल्याशिवाय राहवेना. तळ कोरडा दिसला की वाटे, पुढच्या वळणावर असेल. भावाला पोहता येत नव्हतं. लहानपणी पाण्यात भूत असतं म्हणून त्याला घाबरवून ठेवणाऱ्या बाईच होत्या. आता ते भूत त्यांच्याच मानगुटीवर बसलं होतं. ड्रायव्हरला त्या सारख्या जोरात, जोरात म्हणत होत्या. तो बिचारा आणखी किती दाबणार!

धरणावर पाटकरी डाव्या दाराच्या चाकाला अक्षरशः लोंबकळत होता. घामाने निथळलेला, तळहात गंजाने तांबडे झालेले. बाईंना बघून तो ओशाळला.

"रागावू नका बाई. हुकूम आल्यापासून जीव काढतोय, पण दार तसूभर हलेना. इतक्या वर्षांत तेलपाण्याला डाव्याचा नंबर कधी लागलाच नाही ना."