मागचं डावं चाक

तेहतीस.

हुडकेश्वर रोडवर, भर दुपारी, पंक्चरवाल्या मारोतरावांनी गाडीच्या मागच्या डाव्या चाकात हवा भरून नळी काढली. "उन्हाळा हाय, साहेब. दोन पॉइंट कमीच ठेवले." खात्रीसाठी त्यांनी पुन्हा गेज लावलं.

एक्केचाळीस.

"काहून चढून राहिला गा हा काटा?" नळी तर जमिनीवर पडली होती. मारोतरावांनी वॉल्व्हची पिन दाबली. हवा फुस्सकन निघाली आणि गाडीत बसलेल्या यमुताईंचा श्वास तुटला. पिन सुटली, तसा तो परत आला.

"पुन्हा दाबू नका," त्यांचा नवरा मुकुंद म्हणाला.

साठ.

"फुटन ना साहेब! माह्या तोंडावरच फुटन!"

मारोतरावांनी पिन दाबलीच. यमुताईंचे ओठ निळे पडले, नखं काचेवर घासू लागली. मुकुंदने मारोतरावांचा हात पिरगाळला. मारोतरावांनी दुसऱ्या हाताने लोखंडी पान्हा फिरवला. मुकुंदचा कान फाटला, रक्त गळपट्टीत उतरलं, पण त्याने पकड सोडली नाही.

नव्वद.

चाक टम्म फुगलं. रबराला बोटभर चीर गेली, तिच्यातून हवा सुटली आणि यमुताई सीटवर कोसळल्या. मुकुंदने तळहात लावून पाहिला, पण हवा बोटांच्या फटींतून निसटत राहिली. मग त्याने मारोतरावांची मान धरली आणि त्यांचा गाल त्या चिरेवर दाबला.

"सोडा, साहेब! आत ओढून राहिलं कोणीतरी!"

मुकुंदने त्यांच्या पाठीवर गुडघाही टेकवला. मारोतरावांचे पाय धुळीत आपटत राहिले.

गाडीत यमुताई उठून बसल्या. गाल लाल झाले होते.

"अहो," त्या म्हणाल्या, "अजून थोडं धरा."